कानाडोळा

अहमदपूरच्या मार्केट यार्डामागं शेतकरी मंडळाचं सोयाबीन खरेदी केंद्र आहे. पत्र्याचं शेड, पुढं वजनकाटा आणि फाटकाजवळ एक लहानशी खोली. रोज सकाळी साडेनऊला महामाया त्या खोलीत येऊन बसायची. ती चार वर्षांची असताना गोवर निघाला आणि जाताना तिचे डोळे घेऊन गेला. आता ती एकोणतीस वर्षांची होती. आसपासच्या सहा गावांतले शेतकरी तिला 'नंबरवाल्या ताई' म्हणून ओळखत.

केंद्रावर दिवसाला चाळीस जणांचाच माल घेतला जाई. कुणाचा नंबर कधी, हे मंडळाच्या अ‍ॅपवर ठरलेलं असे. आदल्या दिवशी त्या चाळीस जणांना फोन करून "उद्या माल घेऊन या" असं कळवायचं, आलेल्याची हजेरी टाकायची, न आलेल्याची गैरहजेरी टाकायची, हे महामायाचं काम होतं.

"ताई, माझा नंबर कवा हाय?" त्या सोमवारी दारातून कुणीतरी विचारलं.

"आदिनाथभाऊ का? परवा, बुधवारी. आन् ओला माल आणू नका बरं. मागच्या बारीला काट्यावरून वापस न्यावा लागला तुम्हाला."

"आवाजावरून वळखलं की!"

"आवाजावरून न्हाई, चपलीवरून. डाव्या पायाची तुटल्याली हाय तुमची."

खोलीत हशा पिकला. आदिनाथही हसला आणि चप्पल शिवायला मोच्याकडं गेला.

महामायाच्या एका कानात सदा इअरफोन असे. त्यातून एक बाई तिला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवी. बाईचा वेग असा की अनोळखी माणसाला त्यातला एक शब्द कळला नसता. महामायाला मात्र नाव, गाव, पोत्यांचा आकडा, सगळं कळे आणि तिचं बोट त्याच वेगानं पडद्यावर फिरे.

हा आवाज गुरम्माबाईंचा होता. महामाया लातूरच्या अंध शाळेत शिकत असताना विरूपाक्ष सर तिथं संगणक शिकवत. ते स्वतः अंध. निवृत्त होऊन उदगीरला गेल्यावर चार जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी फोनवरचं मराठी वाचून दाखवणारं एक अ‍ॅप तयार केलं. कंपन्यांच्या फोनमधला आवाज 'शिरूर ताजबंद' म्हणताना अडखळे आणि 'पावणेदोन'ला तर ठेच खाऊन पडे. म्हणून सरांच्या पत्नी, गुरम्माबाई, आठ महिने स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा बंद करून शब्द वाचत बसल्या. दीड, अडीच, सव्वापाच. सटवाजी, साखराबाई. हाडोळती, किनगाव, चाकूर. उन्हाळ्यात घामानं निथळत त्यांनी हजारो शब्द वाचले. सरांनी अ‍ॅपचं नाव ठेवलं 'कानाडोळा'. "लोक आपल्याकडं कानाडोळा करतात," ते म्हणायचे, "आपण कानालाच डोळा करू." अ‍ॅप फुकट होतं. ते कुठल्या दुकानात नव्हतं. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, हातोहात जायचं. दोन वर्षांपूर्वी गुरम्माबाई वारल्या. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शेकडो अंधांच्या कानात त्या तरीही रोज वाचत होत्या.

हा फोन हातात येण्याआधीची आठ वर्षं महामायानं घरच्या ओसरीवर बसून तूर निवडण्यात काढली होती. आई, साखराबाई, तिला हाताला धरून परसात न्यायची आणि हाताला धरून आणायची. लग्नाकार्यात वाढणारे महामायासमोर उभे राहून साखराबाईला विचारत, "हिला भाजी वाढू का?" फोन आला, नोकरी लागली, ती पांढरी काठी घेऊन एकटी एसटीनं येऊ-जाऊ लागली, आणि हळूहळू लोक तिला तिचंच विचारू लागले. साखराबाई एकदा शेजारणीला म्हणाली होती, "माझ्या लेकीला आता माझा हात लागंना." ते ती कौतुकानं सांगत होती.

ऑक्टोबर संपता संपता फोनवर एक सूचना येऊ लागली. 'महत्त्वाचा सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे. आत्ता करायचा, की आज रात्री?' 'नको' असं उत्तर त्यात नव्हतं. महामायानं चार दिवस ती सूचना बाजूला सारली. पाचव्या दिवशी फोननं विचारायचं सोडून दिलं आणि आपलं आपण उरकून घेतलं.

सकाळी अंघोळ करून तिनं इअरफोन कानात घातला. गुरम्माबाई बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं एका परक्या बाईनं इंग्रजीत काहीतरी म्हटलं. महामायानं बोट फिरवलं. ती बाई दोन शब्द बोलली आणि गप्प झाली.

"सुदर्शन! जरा इकडं ये."

सुदर्शन तिचा धाकटा भाऊ. म्हशीला वैरण टाकून तो हात पुसत आला.

"काय लिवलंय ते जशाला तसं वाच."

त्यानं वाचलं, "'कानाडोळा हे अ‍ॅप नोंदणी नसलेल्या निर्मात्याचे आहे. तुमच्या सुरक्षिततेसाठी ते बंद करण्यात आले आहे.'"

"खाली काय हाय?"

"खाली 'ठीक आहे'."

"आन् दुसरं बटण?"

"दुसरं न्हाईच."

"मला न्हाई ठीक."

"अगं अक्का, पण दाबल्याबिगर फोन फुडं सरकंना." आणि त्यानं दाबून टाकलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. घरातले सगळेच असं काही आलं की दाबून टाकत.

तिनं सुदर्शनच्या फोनवरून उदगीरला विरूपाक्ष सरांना फोन लावला.

"माझाबी बंद झालाय, पोरी," सर म्हणाले. "कालपासून. सकाळपासून बावीस जणांचे फोन आले."

"मंग आता?"

"नोंदणी करा म्हणतात. केली की. ओळखपत्र पाठवलं. फोटो मागितला, तोबी पाठवला. फोटोत डोळे उघडे पाहिजेत म्हणून तीनदा वापस आला."

महामायाला हसावं की रडावं कळेना.

"शेवटी शेजारच्या पोरीनं माझ्या पापण्या बोटांनी धरल्या, तवा कुठं घेतला. आता म्हणतात, तपासणी चालू आहे. किती दिवस, ते इचारायला तिथं माणूसच न्हाई." मग ते म्हणाले, "संगणकात तिचा आवाज हाय म्हणा. पण संगणक खिशात घालून फिरता येत न्हाई. बाजाराला जाताना ती संगं असायची, एवढंच."

फोनमध्ये कंपनीची स्वतःची वाचून दाखवणारी सोय होती. महामायानं तिच्यावर काम भागवायचं ठरवलं. पण ती बाई मराठी हिंदीच्या चालीवर वाचे, आणि नेट मंद झालं की मराठी अक्षरं चक्क गाळून फक्त इंग्रजी शब्द तेवढे बोले. पत्र्याच्या शेडखाली नेट घटकेत यायचं, घटकेत जायचं. 'कॉल', 'कॉल', 'कॉल' एवढंच ऐकू येई. कॉल कुणाला, ते तिचं तिनं जाणायचं. महामाया ओळी बोटानं मोजून काम करू लागली. घरी यायला तिला अंधार होऊ लागला, कारण जे काम दोन तासांचं होतं ते आता पाच तासांत होत नव्हतं.

शनिवारची यादी संपते तिथं एकाखाली एक दोन सटवाजी होते. एक हाडोळतीचे म्हातारे, त्यांचा नंबर शनिवारीच. दुसरे किनगावचे, त्यांचा पुढच्या आठवड्यात. नव्या बाईनं दोघांचीही नावं गिळली. महामायाचं बोट एक ओळ खाली सरकलं. किनगावच्या सटवाजींना फोन गेला, ते आनंदानं माल घेऊन आले आणि वजन करून गेले. हाडोळतीच्या सटवाजींपुढं 'गैरहजर' लागलं. गैरहजर माणसाचं नाव अ‍ॅप आपोआप यादीच्या तळाला नेई, आणि तळाचा नंबर लागेपर्यंत केंद्राची खरेदी संपत होती.

सोमवारी म्हातारे सटवाजी खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत.

"बाई, मी गैरहजर?" ते म्हणाले. "मी तर तीन दिस फोन हातात धरून बसलोतो. जेवतानाबी खाली ठिवला न्हाई. माझं काय चुकलं, तेवढं सांग."

महामाया उठून उभी राहिली. "काका, तुमचं काही चुकलं न्हाई. माझं चुकलं."

"तुझ्याकडनं तर कवा चुकत न्हाई."

मागं उभ्या असलेल्या गर्दीतून एकजण म्हणाला, "आंधळीच्या हातात यादी दिल्यावर दुसरं काय व्हणार?" दोघं-तिघं हसले.

तीन वर्षांत या हातांनी एक नाव चुकवलं नव्हतं. ते हात तेच होते, डोळे तेच होते, माणूस तोच होता. मग बदललं काय, असं एकानंही विचारलं नाही. फोनचा दोष डोळ्यांच्या माथी बसला आणि सगळ्यांना तो पटलाही.

दुसऱ्या दिवशी महामाया एकटी लातूरच्या एसटीत बसली. साखराबाई सुदर्शनला बरोबर पाठवत होती, पण महामायानं ऐकलं नाही. तिथल्या गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत यासेरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. अंध शाळेतल्या मुलींचे फोन तोच दुरुस्त करी. दुकानात एका बाजूला त्याचे वडील पाशामियाँ बसलेले असत. ते जुने रेडिओ मेकॅनिक. आता काम नव्हतं, पण बसायची सवय जात नव्हती.

यासेरनं फोन तारेनं आपल्या संगणकाला जोडला. बराच वेळ खटपट केली.

"ताई, ह्याचं जुनं सॉफ्टवेअर माझ्याजवळ हाय," तो शेवटी म्हणाला. "पण फोन घेत न्हाई. एकदा नवं चढलं की जुनं चढू द्यायचंच न्हाई, असं कुलूप हाय आतमंदी. आधी कंपनीला अर्ज केला की कुलूप खोलायचा कोड द्यायचे. मागच्या साली तेबी बंद केलं."

"फोन माझा हाय ना?"

"काच तुमची, डबा तुमचा. आतलं त्यांचं."

पाशामियाँ कोपऱ्यातून बोलले, "बेटी, चालीस साल रेडिओ खोला मैं. पीछे का पत्रा निकाले तो अंदर कागज चिपका हुआ रहता था. कौनसी तार किधर जाती, सब लिखको. बनानेवालाच लिखको देता था. अब तो पेच भी छुपाको बनाते."

यासेरनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी आली. फार गोड, शुद्ध मराठीत बोलली.

"मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे तुमचा फोन व्यवस्थित चालू आहे."

"चालू हाय. पण बोलत न्हाई," महामाया म्हणाली.

"त्यासाठी आमची सोय फोनमध्ये दिलेली आहे, मॅडम."

"ती माझी भाषा गाळून बोलते. माझं जुनं अ‍ॅप मला परत चालू करून द्या. काही झालं तर जबाबदारी माझी, मी लिहून देते."

"ते तुमच्या सुरक्षिततेसाठीच बंद केलेलं आहे, मॅडम."

"माझ्या सुरक्षिततेचं मला इचारलं का कुणी?"

त्या मुलीजवळ या प्रश्नाचं उत्तर लिहून दिलेलं नसावं. "तुमचा अभिप्राय मी पुढे कळवते," ती म्हणाली. "या संभाषणाला गुण देण्यासाठी कृपया पडद्यावरील तारे दाबा."

फोन बंद झाला. यासेरला लाज वाटली, जणू त्यानंच काही केलं होतं. तो उठला, खणातून एक तीन वर्षं जुना, दुसऱ्याच कंपनीचा फोन काढला. "ह्याचं कुलूप खोलता येतं अजून," तो म्हणाला. "ह्याच्यात कंपनीचं काढून दुसरं टाकतो. जगातल्या हौशी लोकांनी मिळून लिवल्यालं हाय, कुणाच्या मालकीचं न्हाई. त्याच्यावर तुमचं कानाडोळा चालंल. बसा. दोन तास लागतील."

पाशामियाँनी चहा मागवला. महामाया बाकावर बसून राहिली. दोन तासांनी यासेरनं फोन तिच्या हातात दिला. तिनं इअरफोन न लावताच पडद्यावर बोट ठेवलं.

"दुपारचे पावणेदोन," गुरम्माबाई म्हणाल्या.

महामायानं पदरानं तोंड झाकून घेतलं. मग तिनं विरूपाक्ष सरांना फोन लावला, "सर, आयका," एवढंच म्हणाली आणि पडद्यावर बोट फिरवत राहिली. गुरम्माबाई वाचत होत्या. संदेश. संपर्क. घड्याळ. आज मंगळवार. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग कितीतरी वेळ श्वास ऐकू येत राहिला.

मंडळाचं अ‍ॅप केंद्राच्या आवारातच उघडे, म्हणून ते लातूरला तपासून बघता आलं नव्हतं. बुधवारी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी केंद्रावर पोचली. खुर्ची पुसली. पाण्याचा घोट घेतला. अ‍ॅपवर बोट ठेवलं.

गुरम्माबाईंनी स्पष्ट, सावकाश वाचून दाखवलं, "'या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार आढळला आहे. सुरक्षिततेच्या कारणास्तव अ‍ॅप चालू करता येणार नाही.'"

तिनं पुन्हा बोट ठेवलं. गुरम्माबाईंनी पुन्हा तेच वाचलं. एक अक्षरही गाळलं नाही.

केंद्राचे व्यवस्थापक उमाशंकर पाटील भला माणूस. त्यांनी तिच्यासमोरच पुण्याच्या ठेकेदाराला फोन लावला. मंडळाचं अ‍ॅप त्यानं बनवलेलं. ठेकेदार म्हणाला, कंपनीनं मान्य केलेल्या फोनवरच अ‍ॅप चालेल. उमाशंकरांनी विनवणी केली. ठेकेदार म्हणाला, "एका बाईसाठी नियम बदलायचा म्हणजे सगळ्यांसाठीच दार उघडायचं, साहेब."

म्हणजे एका फोनमध्ये काम होतं, आवाज नव्हता. दुसऱ्यात आवाज होता, काम नव्हतं. दोन्ही फोन तिच्या नावावर होते.

उमाशंकर दोन दिवस विचार करत होते. शुक्रवारी संध्याकाळी ते महामायाच्या घरी आले. साखराबाईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला.

"मी एक मार्ग काढलाय," ते म्हणाले. "महामाया, तुझी नोकरी जात न्हाई. तू रोज येऊन बस. सुदर्शन तुझ्या शेजारी बसंल, फोन तो बघंल. नाव तुझं, पगार तुझा. वर कुणाला कळवायचीबी गरज न्हाई."

साखराबाईचा चेहरा उजळला. "देवासारखं आलाव बघा, साहेब."

"मी काय करायचं?" महामायानं विचारलं.

"तू? तू बस की. लोकायला तू असलीस की बरं वाटतं."

"म्हंजी सही माझी, बोट सुदर्शनचं."

"तसंच समज."

सुदर्शन दारात उभा होता. त्याला बहिणीचं मन कळत होतं आणि पगाराची गरजही कळत होती, म्हणून तो कुणाकडंच बघत नव्हता.

"न्हाई साहेब," ती म्हणाली.

"अगं, घरातलाच हाय ना तो!" साखराबाई म्हणाली.

"घरातला हाय म्हूनच न्हाई, आई. आठ वर्षं तू मला हाताला धरून फिरवलंस. तवा मला येत नव्हतं, चालून गेलं. आता मला येतंय. मला काम येत न्हाई म्हून कुणी माझं काम केलं तर मी हात जोडीन. पण मला येतंय आन् करू दीना झालेत. ते झाकायला मी बाहुलीवानी तिथं बसू का?"

"मंग काय करशील? पुन्हा तूर निवडशील?" साखराबाई रडू लागली. "तुझ्या एकटीच्या न्हाई म्हणण्यानं ती कंपनी काय हलती?"

"न्हाई हलत," महामाया म्हणाली. "ते मला म्हाईत हाय."

उमाशंकर चहा अर्धा टाकून उठले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सोमवारी केंद्रावर दुसरी मुलगी आली. ती डोळस होती, बारावी पास होती, आणि तिला कामात काहीच अडचण आली नाही.

यासेरनं दिलेला फोन महामायाजवळ राहिला. तो घड्याळ सांगे, आलेला संदेश वाचे. पण बँकेचं अ‍ॅप त्यावर उघडेना, अपंगत्वाच्या दाखल्याचं उघडेना, बसच्या पासचं उघडेना. प्रत्येक दार बंद असल्याचं गुरम्माबाई तिला न चुकता वाचून दाखवत. काही दिवसांनी तिनं ती दारं ठोठावणं सोडलं. साखराबाईनं एके सकाळी नकळत तिचा हात धरला आणि परसाकडं चालू लागली. महामायानंही हात सोडवून घेतला नाही.

तीन डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, लातूरच्या अंध शाळेत कार्यक्रम होता. एका मोबाइल कंपनीकडून तीस मुलींना नवे फोन वाटले जाणार होते. कंपनी तीच. शाळेनं माजी विद्यार्थिनी म्हणून महामायाला बोलावलं होतं, दोन शब्द बोलायला. तिची नोकरी गेल्याचं शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. ती गेली. विरूपाक्ष सरही उदगीरहून आले होते. आदल्याच दिवशी त्यांना कळलं होतं की अर्ज नामंजूर झाला. कारण दिलेलं नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. पालक, शिक्षक, गावातली प्रतिष्ठित मंडळी, दोन-तीन वार्ताहर. सूत्रसंचालकानं महामायाची ओळख करून दिली, "फोनच्या बळावर स्वतःच्या पायावर उभी राहिलेली आपली भगिनी!" टाळ्या झाल्या. कुणीतरी तिला दंडाला धरून माइकपाशी नेलं.

"मुलींनो," ती म्हणाली, "फोन घ्या. लई कामाची वस्तू हाय. मी तीन वर्षं ह्याच्यावर नोकरी केली, एकटी फिरले. खोटं कामून बोलू. पण कंपनीच्या साहेबांला मला एक इचारायचं हाय. ह्या फोनात उद्या तुम्ही काही बंद केलं, तर ते परत चालू करायचा हक्क ह्या मुलींला हाय का न्हाई? हाव म्हणा न्हाई तर न्हाई म्हणा. मला एवढंच पायजे."

कंपनीचे अधिकारी तरुण होते, अनुभवी होते. ते हसत उठले आणि अलगद माइक आपल्या हातात घेतला.

"ताईंनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला," ते म्हणाले. "सुरक्षिततेच्या बाबतीत आमची कंपनी कधीही तडजोड करत नाही. आणि आपल्या दिव्यांग बांधवांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत तर मुळीच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पालकांनी वाजवल्या, शिक्षकांनी वाजवल्या, फोन मिळणार म्हणून आनंदलेल्या तीस मुलींनी तर सर्वांत जोरात वाजवल्या.

"हाव का न्हाई?" महामायानं पुन्हा विचारलं. पण माइक तिच्याजवळ नव्हता. पहिल्या रांगेत विरूपाक्ष सर उभे राहून म्हणाले, "हे उत्तर न्हाई." शेजारच्याला वाटलं त्यांना पाणी हवंय, म्हणून त्यानं ग्लास हातात दिला.

मग तिच्या गळ्यात हार घालण्यात आला. हार घालताना फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सुदर्शननं ओसरीवर बसून वर्तमानपत्र उघडलं. आतल्या पानावर फोटो होता. तो आधी वाचेना. महामायानं वाच म्हटल्यावर त्यानं वाचलं, "'फोनने दिली नवी दृष्टी. माजी विद्यार्थिनी महामाया यांनी मानले कंपनीचे आभार.'"

"आभार?" ती म्हणाली. "मी काय इचारलं ते लिवलंय का कुठं? खाली बघ. बारीक अक्षरात बघ."

सुदर्शननं बातमी शेवटपर्यंत वाचली. हारतुरे होते, पाहुण्यांची नावं होती, अल्पोपहाराचा उल्लेख होता.

"न्हाई, अक्का."

महामायानं शेजारचं तुरीचं सूप ओढून मांडीवर घेतलं.

ती बातमी त्या सकाळी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत चहाबरोबर वाचली गेली. एका आंधळ्या मुलीचं भलं झालं, हे वाचून वाचणाऱ्यांना बरं वाटलं आणि त्यांनी पान उलटलं.